लेथवर जॉब पुन्हा पुन्हा टेपर येतोय? टेलस्टॉकच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

माझा लेथ (धातूचा बार फिरवून कापायचं यंत्र) साडेचार फुटी बेडचा (बाकी भाग ज्यावर बसतात त्या पायाचा), पट्ट्यावर चालणारा, जुन्या बाजारातून घेतलेला. मिरजेजवळ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, शहाबादी फरशीवर उभा आहे. या लेथवर मी टेपरचा, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक येण्याचा, दोष किती वेळा काढला त्याचा हिशोब आता राहिलेला नाही. काढला की दोन-तीन महिने जॉब सरळ यायचा, मग एक दिवस बुश बसायचा नाही, मायक्रोमीटर लावावा तर एका टोकाला सहा शतांश (०.०६ मिमी) जास्त. पुढे मित्रांच्या लेथवरही हेच काम करायची वेळ आली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. टेपर दिसला की हात आधी टेलस्टॉककडे (जॉबचं दुसरं टोक पेलणाऱ्या भागाकडे) जातो आणि बहुतेक वेळा दोष तिथं नसतोच. चुकीच्या जागी केलेली दुरुस्ती खऱ्या दोषावर पांघरूण घालते, म्हणून तो परत येतो.

खाली तपासण्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या चारला एक पैसाही लागत नाही.

आधी लक्षणं नीट बघा

"टेपर येतोय" या दोन शब्दांत निदान पाच-सहा वेगळे दोष असू शकतात. तुमचा यातला कोणता ते आधी ठरवा.

जॉब फक्त चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात) धरलाय, टेलस्टॉकचा आधार नाही आणि बाहेरचं टोक जाड येतंय. हे सगळ्यात जास्त दिसतं. बार वाकणं, बेडला पीळ बसणं, बेअरिंग ढिलं असणं, यातलं काहीही असू शकतं.

तसाच धरलेला जॉब, पण बाहेरचं टोक बारीक. इथं बार वाकण्याचा दोष देता येत नाही, कारण वाकलेला बार टूलपासून दूर पळतो आणि टोक जाडच ठेवतो. म्हणजे बेडचा पीळ, हेडस्टॉकची (चक फिरवणाऱ्या पेटीची) दिशा, किंवा कट चालू असतानाच टूलची धार जाणं.

दोन सेंटरमध्ये (दोन टोकदार आधारांत) धरलेला जॉब एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकसारखा जाड होत जातो. इथं मात्र टेलस्टॉकवर संशय घ्यायला जागा आहे.

दोन्ही टोकं बरोबर आणि मधला भाग पिंपासारखा फुगीर. बार लांब आणि बारीक आहे, मधे वाकतोय. लेथ निर्दोष आहे, मधे आधार देणारी स्टेडी लावा.

जॉब काही अंतर सरळ आणि चकजवळच्या पट्ट्यात एकदम वेगळं माप. बेडची झीज.

आणि शेवटचं लक्षण, ज्याकडे मी स्वतः कित्येक वर्षं लक्ष दिलं नाही: दोष ठरावीक महिन्यांत येतो आणि ठरावीक महिन्यांत आपोआप जातो.

माप खरं आहे का?

नुकताच कट संपलेला जॉब गरम असतो. पोलाद दर अंश तापमानाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. ५० मिमी व्यासाचा जॉब खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर त्याचा व्यास जवळजवळ ०.०२ मिमीने जास्त दिसतो. एक टोक गरम आणि दुसरं निवलेलं असेल तर नसलेला टेपर मायक्रोमीटरवर दिसणारच. जॉब हाताला गार लागेपर्यंत थांबा.

मायक्रोमीटरचं शून्य तपासा, जबड्यांवरचं तेल आणि कीस पुसा. टेपर शोधायला व्हर्निअर वापरू नका. आपण शतांशांबद्दल बोलतोय, साधा व्हर्निअर तेवढा भरवशाचा नाही. प्रत्येक जागी तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर अजून लेथकडे वळू नका.

टूल नेमकं कशावर सरकतंय?

हा प्रश्न नवीन माणसाने स्वतःला जरूर विचारावा. लांबीचा कट कंपाउंडच्या (टूलखालच्या, कोनात फिरवता येणाऱ्या स्लाइडच्या) हँडलने घेत असाल, तर जॉब बेडला नाही, कंपाउंडच्या कोनाला समांतर कापला जातो. कंपाउंडवरची शून्याची खूण अर्धा अंश चुकलेली असणं अगदी नेहमीचं आहे. अर्धा अंश म्हणजे ५० मिमी लांबीत व्यासात ०.८७ मिमीचा फरक. सरळ टर्निंग नेहमी सॅडलने (बेडवर लांबीला सरकणाऱ्या भागाने) करा, शक्य असेल तर ऑटो फीडवर.

दुसरं, क्रॉस स्लाइडची (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणाऱ्या भागाची) लॅश. हँडल मागं फिरवून माप गाठलं असेल तर स्क्रू आणि नटमध्ये मोकळी जागा राहते आणि कट चालू असताना स्लाइड हळूहळू मागं ढकलली जाते. हँडल अर्धा फेरा मागं घ्या आणि शेवटची हालचाल नेहमी जॉबच्या दिशेने करा. मग गिबचा (स्लाइडची फट भरणाऱ्या पट्टीचा) लॉक स्क्रू हलकासा आवळा. लॉक स्क्रू नसेल तर मधला गिब स्क्रू थोडा जड ठेवला तरी चालतं.

गिब किती आवळायची? कुठल्याही टोकाला स्लाइड हाताने हलवून डुगडुगता कामा नये, आणि हँडल फिरवताना अडखळता कामा नये. जुन्या लेथवर स्लाइडचा मधला भाग जास्त घासलेला असतो, त्यामुळे मधे बरोबर केलेली गिब टोकांना जड लागते. जिथं काम करणार तिथं ती बरोबर असली म्हणजे पुरे.

टूलची धार

बोथट टूल कापण्याऐवजी दाबतं, आणि दाबलेला जॉब मागं सरतो. हे बहुतेकांना माहीत असतं. याची उलटी बाजू कमी जणांच्या ध्यानात येते: लांब कटमध्ये धार वाटेतच गेली तर टूल जसं चककडे जातं तसा व्यास वाढत जातो आणि बाहेरचं टोक बारीक दिसतं. म्हणून बाहेर बारीक असा टेपर आला तर पहिल्यांदा धार लावून तोच कट पुन्हा घ्या. फरक नाहीसा झाला तर काम संपलं.

इन्सर्ट टिप (बदलता येणारी तयार धार) वापरत असाल तर नोज रेडिअस (टोकाची गोलाई) बघा. ०.८ मिमी रेडिअसची टिप आणि ०.१ मिमीचा कट ही जोडी घरच्या हलक्या लेथला मानवत नाही. कट रेडिअसपेक्षा बराच कमी असला की टूलचा बहुतेक जोर जॉबला आडवा ढकलण्यात जातो. फिनिश कटला ०.४ किंवा ०.२ रेडिअसची टिप घ्या, नाहीतर दगडावर हाताने घासून नीट धार लावलेलं एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) टूल. माझा स्वतःचा कल एचएसएसकडे आहे. लहान लेथवर त्याच्यासारखा हलका कट दुसरं कुठलंच टूल घेत नाही.

टूलचं टोक सेंटरच्या उंचीवर ठेवा आणि टूलपोस्टबाहेर गरजेपुरतंच काढा.

बार किती बाहेर आहे?

एका बाजूने धरलेल्या बारचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. बार दुप्पट बाहेर काढला की तो आठपट वाकतो. आणि व्यास दुप्पट केला की सोळापट कमी वाकतो.

२० मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) बार चकबाहेर १०० मिमी आहे आणि टोकाला टूल १० किलोच्या जोराने ढकलतंय असं धरा. टोक साधारण ०.०२ मिमी मागं सरतं, म्हणजे व्यास ०.०४ मिमी जास्त येतो. तोच बार ५० मिमी बाहेर ठेवा, व्यासातला फरक ०.००५ मिमीवर येतो. लेथच्या एकाही बोल्टला हात न लावता टेपर आठव्या हिश्शावर आला.

मी पाळतो तो नियम असा: व्यासाच्या तिप्पट लांबीपर्यंत नुसता चक चालतो, त्यापुढे टेलस्टॉकचं सेंटर लावायचं, आणि व्यासाच्या दहा-बारा पटीपुढे स्टेडी.

चक

इथं एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी लोक नवा चक घेऊन बसतात. डायल गेज (शतांशांतली हालचाल दाखवणारा काटा) लावल्यावर चक ०.१ मिमी आऊट (मधोमध न फिरणारा) दिसतो म्हणून टेपर येतो, हे खरं नाही. बार एकदा धरून त्याच पकडीत टर्न केला की तो स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) अक्षाभोवतीच गोल होतो, चक कितीही आऊट असो. आऊट चकचा त्रास जॉब उलटून पुन्हा धरताना होतो.

टेपर येतो तो जॉ (चकचे पकडणारे जबडे) तोंडाशी फाकलेले असतील तर. जुन्या चकचे जॉ पुढच्या कडेला जास्त घासलेले असतात, त्यामुळे बार फक्त आतल्या बाजूला पकडला जातो आणि बाहेर मोकळा राहतो. तपासायची युक्ती सोपी आहे. सरळ ब्राइट (गुळगुळीत, मापातला) बार घ्या, तिन्ही जॉ आणि बार यांच्यामधे पुढच्या कडेला कागदाच्या अरुंद पट्ट्या ठेवा आणि चक आवळा. पट्ट्या ओढून निघत असतील तर जॉ फाकलेले आहेत. काही दिवस चार जॉचा चक वापरा. जॉ जागच्या जागी ग्राइंड करून घेणं शक्य असतं, पण ते काम सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि त्या वेळी बेड पूर्ण झाका. ग्राइंडिंगची धूळ बेडवर पडली तर एका दुरुस्तीतून दुसरी उभी राहते.

चक काढलाच आहे तर त्याची बसायची जागा आणि स्पिंडलचं तोंड पुसून घ्या. कीसाचा एक बारीक तुकडाही चक तिरका बसवतो.

दोन कॉलरची चाचणी

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि टेपर अजून येतोय, तरच लेथवर संशय घ्यायचा. आणि तोही चाचणी करूनच.

४० मिमी जाडीचा, साधारण २०० मिमी लांबीचा एमएस बार घ्या. १५० मिमी बाहेर ठेवून चकमध्ये घट्ट धरा, टेलस्टॉक लावू नका. दोन्ही टोकांना १५ मिमी रुंदीच्या कॉलर (जाड पट्टे) ठेवून मधला भाग दोन-तीन मिमी खाली घ्या. आता नीट धार लावलेल्या एचएसएस टूलने, २०० आरपीएमच्या आसपास, ऑटो फीडवर, क्रॉस स्लाइडला हात न लावता एकाच सेटिंगमधे दोन्ही कॉलरवर ०.१ मिमीचा हलका कट घ्या. गार होऊ द्या. मोजा. हे तीनदा करा आणि आकडे तारखेसह लिहून ठेवा.

जाड बार आणि हलका कट यासाठी की वाकणं हिशोबातून बाद व्हावं. ४० मिमीच्या बारवर १५० मिमी लांब दोन किलोचा जोर पडला तर तो एक मायक्रॉनसुद्धा धड सरकत नाही. त्यामुळे जो फरक दिसेल तो लेथचाच. १५० मिमीत ०.०१ मिमीच्या आत फरक असेल तर घरच्या कामाला तो उत्तम आहे, काहीही करू नका.

याच्या जोडीला अजून एक पडताळा घेता येतो. आखूड, जाड जॉब चकमध्ये धरून त्यात खोल बोअर करा. बोअरिंग बार टूलपोस्टमधून कायम तेवढाच बाहेर असतो, त्यामुळे त्याचं वाकणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं राहतं. तरीही बोअर तोंडाशी मोठं आणि आत लहान आलं, तर सॅडलची वाट आणि स्पिंडलचा अक्ष समांतर नाहीत हे पक्कं समजा.

टेलस्टॉक: फक्त तेव्हाच, जेव्हा कॉलर सरळ आल्या

टेलस्टॉक न लावता केलेली चाचणी सरळ आली आणि सेंटरमध्ये धरलेला जॉब टेपर येतोय, तर दोष टेलस्टॉकचा. कॉलरच टेपर आल्या असतील तर आत्ता टेलस्टॉकला हात लावू नका. बेडला पीळ असताना टेलस्टॉक सरकवून जॉब सरळ केला, तर तो त्या एकाच लांबीसाठी सरळ येतो. लांबी बदलली की पुन्हा टेपर. मी पहिली दोन वर्षं नेमकं हेच करत होतो.

दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे. टेलस्टॉककडचं टोक जाड आलं तर टेलस्टॉक तुमच्याकडे आणायचा, बारीक आलं तर पलीकडे ढकलायचा. किती? व्यासातल्या फरकाच्या निम्मं. ३०० मिमीच्या बारच्या दोन टोकांत ०.०६ मिमी फरक असेल तर ०.०३ मिमी. टेलस्टॉकच्या नळीवर आडवा डायल गेज लावा, क्लँप ढिला करा, एका बाजूचा स्क्रू सोडून दुसऱ्या बाजूचा आवळा. क्लँप पुन्हा घट्ट करताना डायल बघत राहा, कारण घट्ट करतानाच तो थोडा सरकतो.

टेलस्टॉक उंचीला थोडा खाली बसला असेल तर टर्निंगमध्ये टेपर नावापुरताच येतो. ड्रिल आणि रीमरला मात्र तो त्रास देतो.

बेडचा पीळ, आणि दोष परत का येतो

आता मुख्य मुद्दा. बेड बिडाचं असतं आणि दणकट दिसतं, पण शतांशांच्या हिशोबात ते लवचीक आहे. चार पायांपैकी एक पाय थोडा वर-खाली झाला की बेड ओल्या टॉवेलसारखं पिळलं जातं. डोळ्याला काही दिसत नाही.

यात उंचीपेक्षा कल का महत्त्वाचा ते समजून घ्या. २५ मिमीच्या जॉबवर टूल सेंटरच्या उंचीवरून ०.१ मिमी सरळ खाली गेलं तर व्यासात एक मायक्रॉनचाही फरक पडत नाही. तेच टूल ०.१ मिमी आडवं, तुमच्या बाजूला सरकलं तर व्यास ०.२ मिमीने वाढतो. बेडला पीळ बसला की सॅडल वाटेत तुमच्याकडे किंवा पलीकडे कलतं, आणि बेडपासून बऱ्याच उंचीवर असलेलं टूल त्या कलाने आडवं सरकतं.

टेलस्टॉककडची कॉलर जाड आली, तर सॅडल तिकडे जाताना तुमच्या बाजूला कलतंय. त्या टोकाचा पुढचा पाय उचलायला हवा. कॉलर बारीक आली, तर त्याच टोकाचा मागचा पाय. हेडस्टॉककडच्या पायांना शक्यतो हात लावू नका, वजन तिकडे जास्त आहे आणि तोच भाग आपल्या मापाचा आधार आहे.

लेथचा प्लग काढून ठेवा. त्या पायाचा बोल्ट ढिला करा, पहारीने अगदी केसभर उचला आणि पॅकिंग सरकवा. बोटं पायाखाली कधीही घालू नका, पट्टी पक्कडीत धरून सरकवा. सुरुवात ०.१ मिमीपासून करा. पितळी शिम मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर शीतपेयाच्या ॲल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण तेवढ्याच जाडीचा असतो, मायक्रोमीटरने मोजून घ्या. पुठ्ठा, कागद, रबर नको. ते दबतात, आणि पावसाळ्यात ओल धरतात. बोल्ट पुन्हा आवळा, कॉलरवर नवा कट घ्या, मोजा. एका वेळी एकच बदल. माझ्या लेथला पहिल्या वेळी ०.२५ मिमी लागलं आणि त्याला दोन संध्याकाळी गेल्या.

गवंड्याच्या पाणसळीने हे काम होत नाही. मीटरला ०.०२ मिमीचा फरक दाखवणारी मशीनची लेव्हल मिळाली तर बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांचे वाचन जुळवता येतं आणि वेळ वाचतो. पण लेथ क्षितिजाला समांतर असलाच पाहिजे असं नाही. तो पिळलेला नसला म्हणजे झालं. शेवटचा निकाल कॉलरचाच.

आता परत येण्याबद्दल. माझ्या वहीतले आकडे सांगत होते की जुलैत बाहेरची कॉलर ०.०६ मिमी जाड आणि मे महिन्यात तीच ०.०३ मिमी बारीक. पॅकिंग तेच, बोल्ट घट्ट. कारण लेथमध्ये नव्हतंच. कृष्णाकाठची आमची जमीन काळी आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला आणि गवंड्याला माहीत आहे. शेडच्या मागच्या भिंतीशी पत्र्याचं पाणी थेट पडत होतं. ती कड पावसात आधी फुगायची, टेलस्टॉकचा मागचा पाय उचलला जायचा आणि बेडला पीळ बसायचा. उन्हाळ्यात उलट. मी वर्षातून दोनदा लेथ दुरुस्त करत होतो आणि बिघडत होती ती जमीन.

उपाय स्वस्तापासून महागाकडे असे. पहिला, पत्र्याला पन्हळ लावून पाणी भिंतीपासून लांब सोडणं. एवढ्यानेच माझा फरक निम्म्यावर आला. दुसरा, फरशीच्या सांध्यावर कुठलाही पाय येऊ न देणं. एका फरशीवर दोन पाय आणि दुसरीवर दोन, ही मांडणी सगळ्यात वाईट. तिसरा, जो मी शेवटी केला: लेथच्या खाली जाड चॅनेलची वेल्ड केलेली ताठ चौकट आणि तिला जमिनीवर तीनच टेकू, दोन हेडस्टॉकखाली आणि एक टेलस्टॉकखाली मधोमध. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही. जमीन हलली तर सगळी चौकट मिळून कलते, पिळली जात नाही. चौकट मात्र खरोखर ताठ हवी, आणि लेथ उंच व अरुंद असेल तर हा उपाय करू नका, तो कलंडू शकतो. चौथा, काळी माती काढून मुरूम भरून लेथपुरता सलोह काँक्रीटचा एकसंध ठोकळा ओतणं. शेड नव्याने बांधत असाल तर सरळ हाच करा.

लाकडी टेबलावर लहान लेथ ठेवलेल्यांनाही हंगामाचा हाच त्रास होतो, तिथं माती ऐवजी लाकूड फुगतं. टेबलाच्या फळीवर जाड पोलादी प्लेट टाकून तिच्यावर लेथ बसवा.

बेअरिंग

हलक्या कटमध्ये कॉलर सरळ येतात आणि जड कटमध्ये बाहेरचं टोक जाड होतं, सोबत जॉबवर थरथरीच्या खुणा दिसतात, तर स्पिंडल बेअरिंग तपासा. प्लग काढा. चकच्या अंगावर वरून डायल गेज लावा, चकमध्ये फूट-दीड फूट लांब लाकडी दांडा धरा आणि बेताच्या जोराने वर उचला. रोलर बेअरिंगच्या लेथवर काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर बेअरिंग ढिलं आहे. गनमेटलच्या बुशवर चालणाऱ्या जुन्या लेथमध्ये तेलासाठी फट ठेवलेलीच असते, तिथं थोडी जास्त हालचाल दिसली तरी घाबरू नका. आधी तेल पोचतंय का ते बघा.

स्पिंडलच्या मागचा नट आवळायचा तर एका वेळी घड्याळाचा मिनिटकाटा दोन-तीन मिनिटांत फिरतो तेवढाच. मग मधल्या वेगाने अर्धा तास रिकामा चालवा, बंद करा आणि हेडस्टॉकच्या बेअरिंगच्या जागी बाहेरून हात ठेवा. कोमट लागणं ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेलाय, लगेच सैल करा. जास्त आवळलेलं बेअरिंग ढिल्यापेक्षा लवकर जातं.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

पीळ काढूनही कॉलर टेपरच येतायत, आणि तुमच्या लेथचा हेडस्टॉक बेडच्या व्ही आकाराच्या कडेवर बसलेला आहे. तो सैल करून सरकवायचा मोह आवरा. कारखान्यात स्पिंडलची दिशा मुद्दाम ठेवलेली असते. जर्मनीतले प्राध्यापक श्लेसिंगर यांनी १९२७ मध्ये मशीन टूलच्या चाचण्यांचं जे माप घालून दिलं, त्यात ३०० मिमी लांबीच्या टेस्ट बारचं (तपासणीच्या अचूक दांड्याचं) मोकळं टोक ०.०२ मिमीपर्यंत वर आणि टूलच्या बाजूला झुकलेलं चालतं. खाली किंवा मागं झुकलेलं चालत नाही, कारण जॉबचं वजन आणि टूलचा जोर त्याच दिशेने ढकलणार असतो. हे जुळवायला टेस्ट बार, चांगला डायल आणि स्क्रेपिंगचा (पृष्ठभाग हाताने खरवडून जुळवण्याचा) हात लागतो.

चकजवळच्या बेडवर नखाला लागेल अशी पायरी पडली असेल, तर ती घरी कानस किंवा एमरी घासून काढू नका. बेडचं ग्राइंडिंग आणि त्यामागून सॅडलचं स्क्रेपिंग हे एकत्रच करायचं काम आहे. एक करून दुसरं सोडलं तर सॅडल बेडवर नीट बसत नाही.

बेअरिंग आवाज करतंय किंवा बदलायचंच आहे, बेडला किंवा पायाला तडा दिसतोय, थ्री फेज मोटरच्या वायरिंगमध्ये काही आहे: तिन्ही ठिकाणी काम थांबवा. पहिल्या दोन्हीसाठी फिटर, तिसऱ्यासाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियन.

स्क्रेपिंग येणारे जुने फिटर अजून मिळतात. मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चार लेथवाल्यांना विचारलं की नाव कळतं. माणूस आल्यावर "टेपर येतोय, बघा" एवढंच सांगू नका. कॉलरचे तीन वेळचे आकडे, कोणतं टोक जाड, हलक्या कटला किती आणि जड कटला किती, टेलस्टॉकसह आणि टेलस्टॉकशिवाय किती, आणि कुठल्या महिन्यात काय होतं, हे लिहिलेली वही त्याच्या हातात द्या. एकाने माझी वही वाचून लेथला हात न लावता आधी शेडच्या मागं जाऊन पत्र्याचं पाणी कुठं पडतंय ते पाहिलं होतं.